कर्मवीर अण्णा : शिक्षण मुलांच्या हाती देणारा माणूस



जामसांवलीच्या मुलाला मारुतीची गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. तरी एक प्रसंग पुन्हा आठवू या. समुद्र ओलांडायची वेळ आली तेव्हा सगळी वानरसेना किनाऱ्यावर चिंतेत बसली होती आणि मारुतीही एका बाजूला गप्प बसून होता. आपल्या अंगी किती बळ आहे, हेच तो विसरला होता. जांबुवंताने त्याला त्याची आठवण करून दिली. उडी मात्र मारुतीनेच मारली. जांबुवंताने त्याला पाठीवर घेऊन समुद्र पार केला नाही. पिंपळाखाली पहुडलेल्या आपल्या मारुतीरायाचे दर्शन घेताना आम्हा शिक्षकांच्या मनात ही गोष्ट येते आणि शिक्षकाचे काम नेमके कोठपर्यंत, हा प्रश्नही येतो.

आपल्या वार्तापत्राच्या प्रत्येक अंकात आम्ही एका थोर व्यक्तीचे चरित्र देतो. २२ सप्टेंबर हा कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्मदिवस. म्हणून या वेळी त्यांचे चरित्र निवडले आहे. सातारा-कोल्हापूरकडे त्यांचे नाव घराघरांत आहे. आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडे ते तितके ऐकू येत नाही. परंतु ज्या मुलांसाठी त्यांनी आयुष्य वेचले, ती मुले आपल्या वर्गांत बसलेल्या मुलांहून फार वेगळी नव्हती. शेतमजुराची, अल्पभूधारकाची, गावकुसाबाहेरच्या वस्तीतील मुले. घरात पुस्तक नाही, दिवा नाही, आणि शाळा ही आपल्यासाठी आहे असा विश्वासही नाही.

सहावीत अडकलेला विद्यार्थी

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी, आजोळी झाला. घराणे दिगंबर जैन शेतकऱ्यांचे, मूळ गाव आताच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते. त्यांच्या बदल्यांमुळे लहानग्या भाऊचे शिक्षण गावोगावी झाले. मुलगा अंगाने दणकट, कुस्तीत आणि पोहण्यात पुढे, पुस्तकात मात्र जेमतेम. अन्याय दिसला की याला स्वस्थ बसवत नसे. विहिरीवर अस्पृश्य मानलेल्या लोकांना पाणी घेऊ देत नाहीत हे पाहून त्याने रागाने तो रहाटच मोडून टाकला, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते.

पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला आले, राजाराम हायस्कुलात जाऊ लागले आणि जैन वसतिगृहात राहू लागले. त्या काळी कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांचे राज्य होते. खेड्यांतील मुलांना शहरात राहण्याची सोय नसल्याने शिकता येत नाही, हे ओळखून महाराजांनी वेगवेगळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा व मदत दिली होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. भाऊराव त्याच्या समारंभाला गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हावे, असा त्यांना आग्रह झाला. भाऊरावांनी साफ नकार दिला. त्या नकारापायी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. त्यानंतर काही काळ ते शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले. महाराजांची राहणी आणि रयतेविषयीची कळकळ त्यांनी जवळून पाहिली. पुस्तकातून जे मिळाले नाही, ते त्यांना तेथे मिळाले.

शालेय शिक्षण मात्र इंग्रजी सहावीशी अडखळले, ते तेथेच थांबले. हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. ज्या माणसाने पुढे शेकडो शाळा आणि महाविद्यालये काढली, तो स्वतः मॅट्रिकसुद्धा नव्हता. नापास होणाऱ्या मुलाच्या मनात काय चालते, वर्गात मागच्या बाकावर बसून काय वाटते, हे त्यांना ऐकून ठाऊक नव्हते, भोगून ठाऊक होते.

नांगर विकता विकता पाहिलेला मुलूख

शिक्षण सुटल्यावर पोटापाण्याचा प्रश्न आला. भाऊराव साताऱ्यात खाजगी शिकवण्या करू लागले आणि पाटील मास्तर म्हणून ओळखले जाऊ लागले. याच सुमारास, १९१० साली, त्यांनी मित्रांच्या साहाय्याने सांगलीजवळच्या दूधगावात विद्यार्थ्यांसाठी आश्रम सुरू केला. पुढे त्यांनी ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले, साताऱ्यात कूपरांच्या कारखान्याच्या उभारणीतही भाग घेतला.

नांगर विकणाऱ्या माणसाला बांधावर बसून शेतकऱ्याशी बोलावे लागते. नांगर खोल जातो, तण मरते, हे समजावून सांगावे लागते. हे करताना भाऊराव शेकडो खेडी फिरले. शेतकरी कर्जात का बुडतो, सावकाराच्या कागदावर अंगठा का उठवतो, हिशेब का समजत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. महात्मा जोतीराव फुल्यांनी या सगळ्याचे मूळ अविद्येत आहे असे दाखवून दिले होते. भाऊराव सत्यशोधक विचारांचे होते. फुल्यांचा तो विचार त्यांना बांधाबांधावर खरा होताना दिसला.

इस्लामपूरच्या शाळेत एक मुलगा वर्गाबाहेर बसून आतला पाठ ऐकताना त्यांना दिसला. तो अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला होता, म्हणून त्याला आत जागा नव्हती. भाऊरावांनी त्याला कोल्हापूरला नेऊन मिस क्लार्क वसतिगृहात ठेवण्याची व्यवस्था केली. हाच मुलगा, ज्ञानदेव घोलप, पुढे मुंबई विधिमंडळाचा सदस्य झाला. दाराबाहेर बसून ऐकणाऱ्या मुलाला शिकण्याची इच्छा शिकवावी लागत नाही. ती त्याच्याजवळ असतेच. अडते ते दारापाशी.

रयतेची संस्था

४ ऑक्टोबर १९१९ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. नावातच सारे आले. रयत म्हणजे कष्टकरी प्रजा. संस्था राजाची नाही, सरकारची नाही, एका जातीची नाही, रयतेची. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. शाहू महाराजांचे १९२२ मध्ये निधन झाले होते. या वसतिगृहाला त्यांचेच नाव मिळाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यात आले असता त्यांच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले.

येथे एक फरक लक्षात घ्यावा. कोल्हापुरातील वसतिगृहे बहुतेक एकेका समाजाची होती. त्या काळात तेवढेच पाऊल टाकणे शक्य होते आणि तेही मोठे होते. भाऊरावांनी पुढचे पाऊल टाकले. मराठा, महार, मांग, चांभार, जैन, मुसलमान, रामोशी, सगळी मुले एका छपराखाली राहू लागली. एकाने पीठ मळायचे, दुसऱ्याने भाकरी थापायची, तिसऱ्याने पाणी भरायचे आणि सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचे. शंभर वर्षांपूर्वी खेड्यात हे घडणे म्हणजे काय होते, ते आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. काही पालक रागावून मुलांना परत नेत. वर्गणी देणारे हात आखडता घेत. भाऊराव मागे हटले नाहीत.

मुले त्यांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना वहिनी म्हणत. वहिनी सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या होत्या. सगळ्या जातींच्या मुलांना आपल्या हाताने वाढणे त्यांना सुरुवातीला सोपे गेले नसणार. पण मुले आजारी पडली, रडली, घरची आठवण काढू लागली, तेव्हा वहिनी त्यांच्या आई झाल्या. अण्णा धान्य आणि वर्गणी गोळा करायला गावोगाव हिंडत. मागे बोर्डिंगची चूल वहिनी सांभाळत. बोर्डिंगच्या खर्चापायी त्यांचे दागिने एकेक करून गेले. एकदा अण्णा बाहेरगावी असताना घरात धान्याचा कण उरला नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही गहाण टाकण्यास दिले आणि मुलांना जेवू घातले. ३० मार्च १९३० रोजी वहिनी वारल्या. रयतचा इतिहास लिहिताना पुष्कळ देणगीदारांची नावे येतात. पहिले नाव या माउलीचे असावे, असे आम्हांस वाटते.

भीक नको, काम हवे

आता या चरित्रातील मुख्य भाग. गरीब मुलांना मदत करणारे लोक त्या काळीही होते. वार लावून जेवणारा विद्यार्थी, माधुकरी मागून शिकणारा विद्यार्थी आपल्याला जुन्या पुस्तकांत भेटतो. भाऊरावांना हा मार्ग पसंत नव्हता. दुसऱ्याच्या दारात उभे राहून मिळवलेले शिक्षण माणसाला कायमचे ओशाळे करते, असे त्यांना वाटे. मूल गरीब आहे, पण त्याला दोन हात आहेत. मग त्याने हातांनी काम करावे आणि त्या कामावर शिकावे. कमवा आणि शिका, हे त्यांच्या योजनेचे नाव पुढे महाराष्ट्रभर झाले.

बोर्डिंगात नोकरचाकर नसत. स्वयंपाक, झाडलोट, पाणी, कपडे, आजाऱ्याची शुश्रूषा, सगळे मुले करीत. त्याच्या जोडीला शेतीचे आणि बांधकामाचे काम असे. माळरानावरचे दगड वेचून त्यांनी जमीन लागवडीखाली आणली, भाजीपाला पिकवला, राहण्याच्या खोल्यांसाठी घाम गाळला. ज्या भिंतीचा दगड आपण उचलला, त्या भिंतीवर कोणी रेघोट्या ओढत नाही. ज्या वाफ्याला आपण पाणी दिले, त्यात कोणी पाय देत नाही. शाळा आपली आहे, हे त्या मुलांना भाषणातून सांगावे लागले नाही. त्यांच्या तळहातावरचे घट्टे ते सांगत होते.

कोणी म्हणेल, यात मुलांचा अभ्यास बुडाला असेल. तशी टीका त्या वेळीही झाली. त्याला उत्तर मुलांनीच दिले. याच बोर्डिंगात राहून शिकलेले पी. जी. पाटील हे शेतकऱ्याच्या गरीब घरातील. ते पुढे इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन रयतमध्येच राहिले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. ते एकटे नव्हते. या बोर्डिंगातून शिक्षक, अधिकारी, शेतीतज्ज्ञ, कार्यकर्ते यांच्या पिढ्या बाहेर पडल्या.

हाच विचार जगात दुसऱ्या टोकालाही कोणाला तरी सुचला होता, हे सांगण्याजोगे आहे. अमेरिकेत गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या मुलांसाठी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये अलाबामा राज्यात टस्कीगी येथे शाळा काढली. ते स्वतः गुलाम म्हणून जन्मलेले. शाळेच्या इमारतींसाठी विटा विद्यार्थ्यांनीच भाजायच्या, असे त्यांनी ठरवले. विटांच्या तीन भट्ट्या फसल्या. पैसे संपले. तेव्हा वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ गहाण टाकून चौथ्या भट्टीसाठी पैसे उभे केले आणि ती भट्टी साधली. तेथे घड्याळ गहाण पडले, येथे मंगळसूत्र. समुद्रापलीकडची दोन माणसे एकमेकांना न भेटता एकाच ठिकाणी पोहोचली होती.

आपल्या शेजारच्या वर्ध्यात १९३७ साली शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी नई तालीम देशापुढे ठेवली. हस्तोद्योगातून शिक्षण हा तिचा गाभा. साताऱ्याच्या बोर्डिंगात मुलांचे हात आणि डोके एकत्र चालू लागले, ते त्याच्या दहा-बारा वर्षे आधी.

एका बोर्डिंगाचा वटवृक्ष

पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. १९३२ मध्ये गांधीजी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यातील पुणे कराराची आठवण म्हणून पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस निघाले. खेड्यांत शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत, म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. ज्या गावात शाळाच नव्हती, तेथे गावकऱ्यांनी जागा द्यायची आणि संस्थेने शिक्षक द्यायचा, अशा व्हॉलंटरी शाळा डोंगरकपाऱ्यांत निघाल्या. १९४० च्या दशकाअखेर त्यांची संख्या ५०० च्या वर गेली होती. देवळाची ओसरी, चावडी, झाडाची सावली, कोठेही शाळा भरे. घरोघरच्या बायका दळण्याआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. त्या मुठीमुठीवर बोर्डिंगे चालली. जिने मूठभर ज्वारी दिली, तिलाही ती शाळा आपली वाटू लागली.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. फी नाही, राहण्याची सोय, आणि श्रम करून शिकणे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी संस्थेला मदत केली होती. त्यांच्या निधनानंतर ही शाळा त्यांच्या नावाने उभी राहिली. १९४२ मध्ये मुलींसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय आले, कारण खेड्यातील मुलगी शिकवायला बाईमाणूसच हवे, असे पालक म्हणत. १९४७ च्या जूनमध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. खेड्यातील मुलाला कॉलेज हा शब्दच परका होता, आणि येथे तर तो मुलगा कॉलेजच्या आवारात खोरे-फावडे चालवून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवू लागला.

१९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा भाऊरावांनी संकल्प केला. सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान काही काळ थांबले, तेव्हाही लोकांनी शाळा बंद पडू दिल्या नाहीत. आपल्या वऱ्हाडचे संत गाडगे महाराज अण्णांच्या पाठीशी उभे राहिले. स्वतः अक्षरशत्रू असलेला हा संत कीर्तनातून लोकांना सांगत फिरला, की ताट मोडा पण पोरांना शिकवा. १९५४ मध्ये कराडला निघालेल्या महाविद्यालयाला अण्णांनी त्यांचेच नाव दिले.

खादीचे जाडेभरडे कपडे, वाढलेली दाढी, हातात काठी आणि अनवाणी पाय, अशी अण्णांची मूर्ती लोकांनी पाहिली. कर्मवीर ही पदवी त्यांना लोकांनीच दिली. १९५९ च्या प्रजासत्ताक दिनी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण जाहीर केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. सहावीत अडकलेला विद्यार्थी असा डॉक्टर झाला. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वडाचे झाड हे रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह आहे. आज संस्थेच्या सातशेच्या वर शाखा आहेत. पुणे विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या कमवा व शिका योजनेलाही अण्णांचेच नाव आहे.

आपल्या शाळेपुरते

चरित्र येथे संपले. पण ते वाचून आम्ही शिक्षक काही वेळ गप्प झालो, त्याचे कारण सांगायला हवे.

आज शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मोफत झाले आहे. सरकारी शाळेत पुस्तके मिळतात, दुपारचे जेवण मिळते. अण्णांच्या बोर्डिंगातील मुलाला जे घाम गाळून मिळवावे लागले, त्यातले बरेचसे आज सहज मिळते. हे चांगलेच झाले. कोणत्याही मुलाला शाळेत येण्यासाठी मजुरी करावी लागू नये, हे आम्ही ठासून सांगतो. पण वस्तू फुकट मिळणे आणि ती आपली होणे, यांत अंतर राहते. फळ्यावरचे उतरवून घेणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी, परीक्षेआधी नेमके काय येणार एवढेच विचारणारी मुले आम्ही रोज पाहतो. त्यांच्या दप्तरात सर्व काही आहे. त्यांच्या लेखी ते सर्व शाळेचे आहे, सरांचे आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्या वर्गांतली काही बाके रिकामी होतात. संत्र्याची तोड सुरू झाली की आणखी काही. एका वर्षी सातवीतली एक मुलगी अशीच पंधरा-वीस दिवस आली नाही. आम्ही हजेरीपटात रोज गैरहजर मांडत गेलो. परत आल्यावर तिला उभे करून कारण विचारले. ती काही बोलली नाही. पुढे वह्या तपासताना तिच्या गणिताच्या वहीची मागची पाने उलटली. तेथे तिने आईच्या वेचणीचा हिशेब मांडला होता. तारीख, किती किलो, किलोमागे दर, आठवड्याची बेरीज, हातात पडलेले पैसे. एका आठवड्याला बेरीज आणि पैसे जुळत नव्हते. तेथे तिने गोल काढला होता. आईने तो कागद दाखवून पैसे मागितले आणि ते मिळाले, असे नंतर कळले.

जे गणित आम्ही तिला वर्गात शिकवत होतो, ते तिने वावरात नेऊन स्वतःचे केले होते. आणि आम्ही तिला गैरहजर धरले होते! त्या दिवशी चूक तिची नव्हती, आमची होती. आम्ही तिला काय राहिले ते विचारले, काय केलेस ते विचारले नाही.

त्यानंतर आम्ही काही लहान गोष्टी सुरू केल्या. मोठ्या योजना करण्याची आमची ऐपत नाही. वर्गातील पुस्तकपेटीची किल्ली आता मुलांकडे असते आणि कोणी काय नेले याची नोंदही तीच ठेवतात. पहिल्या महिन्यात दोन पुस्तके हरवली. आम्ही किल्ली परत घेतली नाही. मुलांनीच घरोघर फिरून एक पुस्तक शोधून आणले. वेचणीहून परतलेल्या मुलाला आम्ही बुडालेला अभ्यास लिहून देत नाही. तो मित्रांकडून काय झाले ते जाणून घेतो, काय आधी करायचे ते स्वतः ठरवतो आणि आठ दिवसांनी आम्हांला दाखवतो. काहींना हे लगेच जमते, काहींना जमत नाही. ज्यांना जमत नाही, त्यांच्याजवळ आम्ही बसतो. घरी मराठी आणि पुस्तकात हिंदी, अशी ज्यांची ओढाताण होते, ती मुले आता अवघड शब्दांची आपली वही करतात. एकाच शब्दाला घरी काय म्हणतात, वावरात काय म्हणतात आणि पुस्तकात काय म्हणतात, हे शेजारी शेजारी लिहितात. त्या वहीत आम्हांलाही माहीत नसलेले शब्द सापडले आहेत.

पालकहो, आपणांस एकच विनंती. संध्याकाळी मुलाला किती गुण पडले, हे जरूर विचारा. त्याबरोबर, आज तू स्वतःहून काय शोधलेस, हेही विचारा. आपण लिहायला-वाचायला शिकला नसाल तरी हरकत नाही. मुलाला म्हणा, मला समजावून सांग. जे मूल आईला समजावून सांगते, त्याचे ते ज्ञान पक्के होते आणि त्याचे स्वतःचेही होते. मूठभर धान्य बाजूला काढणाऱ्या त्या सातारच्या आयाही शिकलेल्या नव्हत्या.

आणि विद्यार्थी मित्रांनो, सातारा येथून दूर आहे आणि अण्णांना जाऊनही साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. पण दगड वेचून माळरान पिकते करणारी ती मुले तुमच्याच वयाची होती. त्यांच्यातही कोणी गणितात कच्चे होते, कोणाला घरची आठवण येत होती, कोणाच्या अंगावर एकच सदरा होता. त्यांना अण्णांनी वर उचलून घेतले नाही. त्यांच्या हातात काम दिले, पुस्तक दिले आणि विश्वास ठेवला. पुढचे मुलांनी केले.

जांबुवंताचे काम एवढेच असते. ते तरी आम्ही नीट करू, असा शब्द २२ सप्टेंबरच्या निमित्ताने देतो. उडी तुमची.